फुलदाणीचा तळ

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार दुपारी तीननंतर ओसरू लागतो आणि जुन्या वस्तूंचे विक्रेते ताडपत्री आवरायच्या बेतात असतात. तिथे जायचे तर त्याच वेळी, असे माझे मत आहे. सकाळच्या गर्दीत वस्तू निवांत हाताळता येत नाही, आणि जी वस्तू उलटी करून पाहिली नाही ती पाहिली असे मी मानत नाही. त्या दुपारी बंद पडलेली घड्याळे, एक हात नसलेली समई आणि पितळी कड्यांचा ढीग यांच्यामध्ये फिकट हिरव्या काचेची एक वीतभर फुलदाणी उभी होती. तिच्या आत, तळापासून चार बोटे उंचीपर्यंत, काच दुधाळ झाली होती आणि त्या दुधाळपणाची वरची कड पट्टीने आखावी तशी सरळ होती. मी निरखून पाहते आहे हे दिसताच विक्रेत्याने तिच्यात बाटलीतले पाणी ओतले, खळखळून फेकून दिले आणि ती ओली, लख्ख फुलदाणी माझ्या हातात परत दिली.

हा खेळ जुना आहे. काच ओली असेपर्यंत असा डाग दिसत नाही आणि वाळली की तो जिथल्या तिथे परत येतो. काही जण पाण्याऐवजी आतून तेलाचा हात फिरवतात, म्हणजे गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत तरी डाग दडून राहतो. हा विक्रेता मात्र एवढ्यावरच थांबला. "हो दाग वचचो ना, बाय," म्हणजे हा डाग जायचा नाही, असे म्हणून त्याने आपणहून किंमत उतरवली.

त्याचे म्हणणे खरे होते. नुसता पाण्याचा क्षार साचला असेल तर व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून हलवले की तो सुटतो. परंतु पाणी महिनोन्‌महिने एकाच उंचीवर उभे राहिले, तर ते काचेतला सोडा हळूहळू शोषून घेते आणि पृष्ठभागच खाऊन टाकते. मग घासण्यासारखे काही उरतच नाही, कारण जे दिसते ते काचेवर नसून काचेचेच झालेले असते. संग्राहक अशा काचेला आजारी म्हणतात आणि खाली ठेवून पुढे जातात.

वस्तू उलटी करण्याची माझी खोड आजीच्या घरातली आहे. तिच्या काचेच्या कपाटात पोर्सेलीनची एक फुलदाणी होती: पोटावर गुलाबी फुले, गळ्याशी झिजलेला सोनेरी पट्टा. आजोबांनी ती मडगावच्या दुकानातून आणली असे घरात सांगत. तिच्यात विजेची बिले, रबरबँडांचा गोळा, कापसाच्या वाती, दांडी मोडलेला चष्मा आणि धान्याच्या कोठीची किल्ली असे सगळे असायचे. किल्ली हवी असली की आजी मला पिटाळायची, आणि त्या अरुंद गळ्यात माझाही हात जात नसल्यामुळे फुलदाणी मांडीवर उपडी करून हलवावी लागायची. त्यामुळे तिची गुलाबी फुले मला आठवण्याच्या आधी तिचा तळ आठवतो. त्यावर लाल शाईत इंग्रजीत 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे छापलेले होते. त्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे लागली: दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर जपान परकीय ताब्यात होता, आणि तो ताबा १९५२ साली सुटेपर्यंत तिथून परदेशी जाणाऱ्या मालावर ही अक्षरे उमटत होती. एका पराभूत देशाचा शिक्का आमच्या घरात रबरबँड सांभाळत होता.

फूल मात्र मी तिच्यात कधीच पाहिले नाही. आमच्या अंगणात अबोली, शेवंती, जास्वंद, तगर यांना तोटा नव्हता. पण पहाटे खुडलेली फुले परडीतून थेट देवघरात जायची आणि उरलेल्या अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची वेणी, व्हायची. "फूल देवाक, ना तर माथ्याक," हा आजीचा कायदा होता. पाण्यात देठ बुडवून, कुणालाच न वाहिलेले फूल दिवाणखान्यात उभे करून ठेवणे तिला उधळपट्टीच वाटली असती. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत फुलदाण्या अशाच, फुलांखेरीज बाकी सगळे पोटात घेऊन नांदल्या.

तळ वाचायची सवय लागली की माणूस थोडा असभ्य होतो. लग्नकार्याला कुणाकडे गेले आणि यजमानीण चहा आणायला आत वळली, की माझा हात टिपॉयवरच्या फुलदाणीकडे जातो. गंमत अशी की तळावरच्या शिक्क्यावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवावा. जर्मनीतल्या माइसेन या पोर्सेलीनच्या कारखान्याच्या शिक्क्यातल्या निळ्या तलवारींची युरोपभर नक्कल झाली. चिनी भांड्यांवर तर कांग्शी बादशहाचे नाव सर्रास भेटते. त्याची कारकीर्द १६६२ ते १७२२, पण एकोणिसाव्या शतकातले कुंभारही त्याच्या नावाची अक्षरे रंगवत राहिले, काही धंद्यासाठी आणि काही निव्वळ आदरापोटी. म्हणून आधी बैठकीच्या कडेवरून बोट फिरवावे. तिथे झिलई नसते आणि माती उघडी पडते. जुन्या चिनी भांड्याच्या कडेला कधी भट्टीतली वाळू चिकटलेली लागते, कधी नारिंगी झाक दिसते. मग टॉर्च आत सोडून उजेड आरपार येतो का ते पाहावे. तुटून जोडल्याचा संशय आला तर कड अलगद दाताला लावावी: पोर्सेलीन थंड आणि कणखर लागते, डागडुजीचा भाग मऊ, कोमट. हे शेवटचे यजमानिणीच्या घरी करू नये एवढे तारतम्य मी अजून राखून आहे. शिक्का खोटा असला तरी त्याची भाषा पुष्कळ काही सांगून जाते. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत असण्याची सक्ती केली, त्यामुळे तळावर 'चायना' असे इंग्रजीत छापून कुणी दोनशे वर्षांची गोष्ट सांगू लागला तर ती ऐकून घ्यावी, पैसे देऊ नयेत.

गोव्यात बसून हे सगळे करण्यात वेगळी मौज आहे, कारण हा माल इथूनच पुढे गेला. पोर्तुगीजांनी १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकावला बस्तान बसवले आणि पुढे १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. चीनच्या भट्ट्यांतले निळे-पांढरे पोर्सेलीन मकावहून गोव्याला आणि गोव्याहून लिस्बनला जाई. वाटेत काही इथेच उतरले. चांदरच्या मेनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात ते आजही मांडलेले आहे, आणि जुने गोवे येथे जमीन खणली की त्याच्या खापऱ्या निघतात.

माझ्या संग्रहात असे राजेशाही काही नाही. माझी लाडकी फुलदाणी फिरोजाबादची आहे, जैन ग्लास वर्क्सची, नारिंगी काचेची, उजेडात तेलाच्या तवंगासारखे रंग दाखवणारी. काचेचा एक हात मुठीत फुलदाणी धरून उभा आहे, आणि त्या हाताच्या मनगटावर चक्क घड्याळ आहे. साच्याची शिवण करंगळीच्या बाजूने उघड दिसते. ज्याने हा साचा कोरला त्याला सौंदर्यशास्त्रातले काहीही ठाऊक नसावे किंवा सगळेच ठाऊक असावे. शंभर वर्षे भरली की पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. या घड्याळवाल्या हाताला तेवढे वय व्हायला आता फार वर्षे उरली नसतील.

तर ती हिरवी फुलदाणी मी घेतली, आणि आजारी म्हणूनच घेतली. स्वच्छ पोटाच्या फुलदाण्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्या बहुधा आमच्यासारख्यांच्या घरातल्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या. आजीच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात मात्र अल्तारावर, क्रुसाच्या दोन्ही अंगांना, काचेच्या दोन बारक्या फुलदाण्या असत आणि त्यांतली फुले मी कधी सुकलेली पाहिली नाहीत. लादाईनीची प्रार्थना असो वा साधा मंगळवार, तिथली म्हातारी पाणी बदलायची, आणि बोटाला सवय झाल्यासारखे ते दर वेळी एकाच रेषेपर्यंत भरायची. ती रेषा काचेत कोरली जायला किती वर्षे लागत असतील याचा हिशेब कुठल्याही पुस्तकात देत नाहीत. संग्राहक ज्याला दोष म्हणतो ती मला त्या फुलदाणीची एकमेव खरी सही वाटते. तळावरचा शिक्का कारखान्याने मारलेला असतो, ही रेषा घराने मारलेली असते.

अशा फुलदाण्या अलीकडे बाजारात वरचेवर दिसतात आणि स्वस्तही मिळतात. त्या घरांतली मुले लिस्बनला नाहीतर इंग्लंडातल्या स्विंडनला गेली, म्हातारी माणसे गेली, घराला कुलूप लागले आणि सामान निघाले. मध्यंतरी मडगावच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात अख्खा अल्तारच उभा होता, सागवानी, कोरीव, मेणाचे ओघळ तसेच ठेवलेला. तो उलटा करून पाहण्यातला नव्हता. मी किंमत विचारली, तेव्हा दुकानदार म्हणाला की तो विकला गेला आहे. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने बारच्या मागे बाटल्या मांडायला नेण्याचे ठरवले आहे.