कुंपणाच्या डांबांसाठी पुणे: भवानी पेठ ते नगर रस्ता

गेल्या पावसाळ्यात पौडजवळच्या आमच्या रानाचं कुंपण आडवं झालं. तार शाबूत होती, डांब मोडले होते, आणि सगळे एकाच जागी: जमिनीला टेकतात तिथे, चार बोटं वर, चार बोटं खाली. गाडलेलं टोक टणक, वरचा भागही टणक, मधे मात्र नखानं भुसा निघत होता. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही भरपूर मिळतात त्या तेवढ्याच पट्ट्यात. आबा म्हणाले, "सागाचे म्हणून घेतले होते ना रे?" सागाचेच होते, पण विरळणीतले कोवळे. जुन्या सागाचा गाभा वर्षानुवर्षं टिकतो. मनगटाएवढ्या सागात गाभा जेमतेम बोटभर, बाकी सगळं पांढरं लाकूड. ते वाळवीला कुठल्याही लाकडासारखंच गोड लागतं.

सिमेंटच्या डांबांचाही विचार केला. पण आमचं रान चढाचं, प्रत्येक डांब खांद्यावरून वर न्यायचा. म्हणून फेब्रुवारीत मी आणि आबा प्रक्रिया केलेले, म्हणजे वाळवी-बुरशीला रोखणारं औषध आत मुरवलेले लाकडी डांब बघायला पुण्यात गेलो.

सकाळी चांदणी चौक, कोथरूड, स्वारगेट करत शंकरशेठ रस्त्यानं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात पोचलो. फार लवकर जाऊ नका, वखारी नीट उघडायला दहा-साडेदहा होतात. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं, दुचाकीवर जा. टेम्पो सोबत असला की भाडं चढत राहतं आणि माणूस घाईत सौदा करतो.

"ट्रीटेड डांब आहेत का शेठ?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी "आहेत की दादा" हेच उत्तर येतं. खरी गोम त्या ट्रीटेड शब्दात आहे. पहिल्या वखारीत काळेभोर, चकचकीत डांब दाखवले. वरून काळं तेल फासलेलं. दुसरीकडे पाइनचे चौकोनी तुकडे होते, त्यावर "एचटी" असा शिक्का, म्हणजे हीट ट्रीटेड, नुसतं तापवलेलं. हे लाकूड परदेशातून येणाऱ्या मालाच्या पेट्यांचं. कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवलेलं असतं. त्या वेळी लाकडात असलेली कीड मरते, बस्स. औषधाचा थेंबही त्यात नसतो. शेतात गाडलं की वाळवीला रान मोकळं. विकणारा खोटं बोलत नव्हता, पण आपल्या कामाचं ते नाही. चाकण-भोसरीकडे असं लाकूड स्वस्तात मिळतं म्हणून आमच्याकडच्या दोघा-तिघांनी नेलंय. त्यांना कळवळून सांगतोय, ते गोठ्याच्या माचाला वापरा, कुंपणाला नको.

तिसऱ्या वखारीत आबांनी सरळ विचारलं, "एक डांब मधून कापून दाखवता का? त्याचे पैसे देतो." वखारवाल्यानं करवत लावली. कापलेल्या तोंडावर बाहेरून दीड बोट जाडीचं हिरवट कडं होतं, अगदी सलग, आणि आत फिका तांबूस गाभा. औषध पांढऱ्या लाकडात शिरतं, गाभ्यात जवळजवळ शिरतच नाही. म्हणून कोवळा, गोल डांब घ्यायचा: पांढरं लाकूड चहूबाजूंनी असतं आणि औषधाचं चिलखत अखंड राहतं. चिरून चौकोनी केला की गाभा एखाद्या बाजूला उघडा पडतो. ज्या पांढऱ्या लाकडापायी आमचा साग गेला, तेच इथे कामाला येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कापताना मात्र डांबाच्या टोकापासून हातभर आत कापायला सांगा, टोकाशी औषध नेहमीच खोल गेलेलं दिसतं.

तिथूनच नगर रस्त्याकडच्या एका प्रक्रिया कारखान्याचा पत्ता मिळाला. लोखंडी लांबलचक टाकी, तिच्यात रुळावरून डांबांची गाडी ढकलतात, दार आवळतात. आधी पंपानं हवा ओढून घेतात, मग औषधाचं पाणी सोडून दाब देतात. 1838 मध्ये इंग्लंडच्या जॉन बेथेलनं पेटंट घेतलेली हीच रीत. आत जाणारं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण मात्र आपल्याकडचं: 1933 मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी शोधलं आणि जगभर गेलं. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक वाळवीला, क्रोमियम दोघांना लाकडात धरून ठेवतं. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं मिश्रणही मिळतं, पण बोरॉन पावसात हळूहळू धुपतं. मुळशीच्या पावसाला मी ते घेतलं नाही.

तिथे दोन गोष्टी विचारा. लाकूड टाकीत जाण्याआधी वाळवलं होतं का? ओल्या लाकडात पाणीच भरलेलं, औषध जाणार कुठे? आणि नीलगिरीसारखं लाकूड ओलंच टाकीत गेलं तर नंतर वाळताना चिरतं, त्या चिरेतून औषध न लागलेला गाभा उघडा पडतो. दुसरं, माल टाकीतून कधी काढला? हाताला हिरवं पाणी लागत असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आम्ही थांबलो. लांबी आधीच सांगून, वरचं टोक तिरकं कापूनच प्रक्रियेला लावलं. नंतर शेतावर कापलेलं टोक म्हणजे उघडी जखम. कापावंच लागलं तर ते टोक वर ठेवा, जमिनीत कधीच नको.

हिशेबासाठी: चौरस एकराचा घेर साधारण 835 फूट, 10 फुटांवर एक धरला तर 84 डांब. आम्ही 7 फुटी, 4 इंच जाडीचे घेतले, कोपऱ्यांना 6 इंची आणि तिरके टेकू. सव्वादोन फूट गाडले. काळ्या मातीत खड्डा मुरमानं भरून पहारीनं ठोकत या, ती माती फुगते-आकसते आणि डांब हलवते. काँक्रीट घालणार असाल तर तळ मोकळा ठेवा आणि वरचा उतार बाहेरच्या बाजूला काढा, नाहीतर बुंध्याशी वाटीभर पाणी साचतं.

आणि आर्सेनिक आहे हे विसरू नका. कापताना तोंडाला फडकं, हातात मोजे, जेवणाआधी साबणानं हात. तुकडे चुलीत अजिबात घालू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी. गुरांच्या दावणीला, पाण्याच्या हौदाशी हे लाकूड वापरू नका. आमच्या आईनं उरलेले तुकडे जळणात टाकायला उचललेच होते. आबांनी ते गोणीत भरून, तोंड शिवून माळ्यावर ठेवले, आणि गोणीवर खडूनं लिहिलं, "जाळायचं नाही".