तिला निर्माती व्हायचंय

शनिवार, रात्र

संध्याकाळचा नाचाचा क्लास सुटला आणि माझी जुनी विद्यार्थिनी दारात उभी. मालिकेतून एक दिवस सुट्टी मिळाली म्हणून शिवनेरीने वाकडला उतरून तशीच कोथरूडला आली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी. घरात कुणाचं लग्न आहे का, विचारलं.

"मालिकेतलं लग्न, ताई! तीन आठवडे चाललंय. मेंदी पुसट झाली की फोटो बघून तीच नक्षी परत गिरवतात, नाहीतर कंटिन्युइटी जाते, आधीच्या सीनशी मेळ बसत नाही."

तिने तळवा पुढे केला. जुन्या तांबूस रेषांवर नव्या गडद रेषा. करंगळीपाशी मोराची मान जरा सरकलेली. घरी चपाती लाटायलाही तिला धास्ती वाटते म्हणे. प्रेक्षकांना नायिकेचा शालू दिसतो, पण ही राखण दिसत नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं.

मग तिने पिशवीतून वही काढली. तिला निर्माती व्हायचंय. पेठेतल्या एका वाड्यात घडणारी छोटी वेबसिरीज, शूटिंग सगळं पुण्यात.

मला आनंदच झाला. आपल्याकडे ही वाट मळलेली आहे. प्राजक्ता माळी पुण्यातच वाढली, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात भरतनाट्यम शिकली. २०१३ला सुरू झालेल्या 'जुळून येती रेशीमगाठी'तली मेघना म्हणून घराघरांत पोचली आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'फुलवंती' चित्रपट आला तेव्हा त्यात ती नायिका होती आणि निर्मातीही. पेशवाईतली नर्तकी, म्हणजे अंगात मुरलेल्या नाचाला साजेशी भूमिका. तशी भूमिका कुणी देईल म्हणून ती वाट बघत बसली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. श्वेता शिंदेनेही अभिनय करता करता निर्मिती हाती घेतली. २०१७ची 'लागिरं झालं जी' तिने साताऱ्याकडे नेली, तिथल्या कलाकारांना घेऊन केली.

वहीत जनरेटर, टेम्पो, वाड्याचं भाडं, नाश्ता, रात्री उशीर झाला तर मुलींना घरी सोडणारी गाडी, असं सगळं होतं. सगळ्यात वर मात्र सेटवर चहापाणी, सामानसुमान बघणारे स्पॉटदादा, लाइटमन आणि मेकअपवाल्यांचे पैसे, पुढे शेरा: 'त्याच आठवड्यात'. ते वाचून मला भरून आलं. टीव्हीत मानधन बहुधा ९० दिवसांनी हातात येतं. काम सुरू झालं तेव्हा ठाण्यातल्या खोलीचं भाडं तिच्या आईने पुण्याहून भरलं होतं. चॅनेलवर रोज चेहरा दिसायचा आणि खात्यात काही नसायचं. ते दिवस ती विसरलेली नाही.

मला एकच काळजी वाटते. सकाळी सातचा कॉलटाइम, बारा-बारा तासांची शिफ्ट, आधीच शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक नसली की त्याहून जास्त. त्यातून ही कधी लिहिणार, पैसे कधी उभे करणार? मालिका संपेपर्यंत थांब, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तोवर लोकेशनं तरी बघून ठेवते." तेही खरंच.

नृत्यदिग्दर्शनापुढे तिने माझं नाव लिहिलंय, रकमेचा रकाना कोरा. "ताई, तुम्हाला कसं विचारू?" विचारायचंच, म्हटलं. मी फुकट करणार नाही. उद्या दुपारी परत जाण्याआधी ती येणार आहे, तेव्हा आकडा ठरवून टाकू.