मखरातून ट्रामकडे : आमची वाटचाल

फोंड्याला बाबांचं सुतारकाम. देव्हारे, पालख्या, आणि श्रावण लागला की चवथीची मखरं. एका वर्षी एका गिऱ्हाइकाने विचारलं, 'गणपतीपुढे रेल्वे फिरती करून देशील?' केली. पुढच्या चवथीला तशीच चार कामं आली आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत रूळ मांडून बसलो.

खरी शाळा झाली पणजीच्या मळा भागातल्या एका घरात. मालक बरीच वर्षं लिस्बनला राहून परतलेले. त्यांना तिथली पिवळी ट्राम आणि चढणीची गल्ली हवी होती. खोक्यावर १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं माप, छापलेलं मॉडेल मागवलं, १६.५ मिमीच्या रुळांवर चढवलं. चालली छान. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, समोरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, 'हिचे पाय फाकलेत रे.'

खरंच फाकले होते. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात. कोलकात्याच्या ट्रामचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेच. लिस्बनचं मात्र ९०० मिमी. १:८७ ला ते दहाच्या जरा वर जातं, आणि तयार रूळ सहज मिळतात ते ९ नाहीतर १२ मिमीचे. मग हिशोब उलटा केला. ९ मिमीचे रूळ धरले तर माप बरोबर १:१०० होतं. ट्रामचं कवच पितळी पत्र्यातून नव्याने घडवलं, आणि बाबांनी कापलेली सगळी घरं मोडीत. सात फुटी दार १:८७ ला साडेचोवीस मिमी, १:१०० ला एकवीस. फरक तीनच मिमीचा, पण नव्या ट्रामशेजारी ती दारं कोठाराची दिसायची. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्याआधी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची मोजपट्टी. अमेरिकेतली १९३६ ची पीसीसी नमुन्याची ट्राम ४६ फूट लांब. एचओला, म्हणजे त्याच १:८७ च्या मापाला, फुटामागे साडेतीन मिमी, म्हणजे १६१ भरायला हवेत. लांबीत मिमी-दोन मिमी मी सोडून देतो. रुंदी १०० इंच, म्हणजे २९ मिमी. तिथे एका मिमीनेही ट्राम फुगलेली दिसते. ओओ या ब्रिटिश मापाचं तर दुखणं जुनंच : गाडी १:७६ ची, रूळ एचओचेच, त्यामुळे गेज खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो. काही जण तरीही नेतात, हौसच ती.

सध्या टेबलावर मुंबईची दुमजली ट्राम आहे. मुंबईच्या ट्राम १९६४ साली बंद झाल्या, तेव्हा फोटोंवरूनच मापं काढतोय. जिना बाबांकडे दिलाय.