श्रीखंडातलं यीस्ट शोधताना वाया गेलेले दहा दिवस

भोसरीतल्या एका छोट्या श्रीखंड युनिटमध्ये मी क्वालिटी बघते. पाडव्याच्या तोंडावर दुकानांतून डबे परत यायला लागले. झाकणं फुगलेली, उघडलं की ताडीसारखा आंबूस वास. यीस्ट असणार हे लगेच कळलं. पाश्चरायझेशनमध्ये यीस्ट टिकत नाही, म्हणजे ते त्यानंतरच शिरत होतं. चक्क्याचं कापड, पिठीसाखर, मिक्सर, फिलिंग मशीन, सगळ्यांवर संशय.

या सगळ्यांवरून कापसाचा बोळा फिरवून स्वॅब घेतले, नळ्यांत घालून बर्फाच्या पेटीतून लॅबमध्ये नेले आणि तिथेच अडकले. काउंटरवर फॉर्म भरून घेतला, पैसे घेतले, पावती दिली. "रिपोर्ट पाच दिवसांनी." त्याबद्दल तक्रार नाही, यीस्ट-बुरशी वाढवून बघायच्या प्लेट २५ अंशांवर पाच दिवस ठेवाव्याच लागतात. पण रिपोर्ट आला तर सगळीकडे 'आढळले नाही'. इकडे डबे फुगतच होते. पुन्हा स्वॅब, तोच फॉर्म, पुन्हा पाच दिवस आणि पुन्हा 'आढळले नाही'. मालक म्हणाले, "मॅडम, दुकानदारच रात्री फ्रीज बंद करत असतील." मलाही ते पटायला लागलं होतं, याचा राग अजून जात नाही.

तिसऱ्या वेळी मी हललेच नाही. तपासणी करणाऱ्यांशीच बोलायचंय म्हणून बसून राहिले. पाऊण तासाने आतून एक मुलगी आली. तिने एवढंच विचारलं, "ताई, स्वॅब धुण्याआधी घेता की नंतर?"

नंतर. क्लोरीनचं पाणी फिरवून झाल्यावर, तेही साध्या सलाइनमध्ये. भांड्यावर उरलेलं क्लोरीन स्वॅबबरोबर नळीत जात होतं आणि जंतू तिथेच मरत होते. क्लोरीनचा परिणाम घालवायला नळीतल्या द्रावणात सोडियम थायोसल्फेट हवं. तशा नळ्या त्याच काउंटरच्या मागच्या कपाटात होत्या! फॉर्मवर हा एक प्रश्न असता तर माझे दहा दिवस वाचले असते. तुम्ही नळ्या घेतानाच थायोसल्फेट आहे का ते विचारा, आणि स्वॅब धुण्याआधी, काम चालू असताना घ्या.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: सकाळचे पहिले डबे आणि दुपारचे डबे वेगळे तपासायला द्या. आमच्या पहिल्या डब्यांत यीस्ट भरपूर निघालं, पुढे उतरत गेलं. साखरेतून येत असतं तर दिवसभर सारखंच निघालं असतं. म्हणजे ते रात्रभर मशीनमध्ये वाढत होतं.

ऑपरेटर दादांनी फिलिंगचं नोझल खोललं. बाहेरून लखलखीत. रबरी गॅस्केटची कड मी नखाने उचलली, तर खाली पिवळट, बुळबुळीत थर आणि तोच वास. नव्या नळीतल्या स्वॅबचा रिपोर्टही तेच सांगत आला.

गॅस्केट बदललं. आता नोझल रोज रात्री पूर्ण खोलूनच धुतात. पुढच्या बॅचचे सहा डबे मी मुद्दाम फ्रीजबाहेर, माझ्या टेबलावर ठेवले. आधीचे दुसऱ्याच दिवशी फुगायचे. चौथ्या दिवशी सहाही झाकणांवरून बोट फिरवलं, सगळी सपाट.