आधी विधवा, मग धव

संगणकावर लेख लिहिताना परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये एक छोटी चौकट दिसते: 'विडो/ऑर्फन कंट्रोल'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, समाजकल्याण खातं इथे कुठून उगवलं? मग कळलं, की परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसली, तर छपाईवाले तिला 'विडो' म्हणतात. बाकीचं सगळं कुटुंब मागच्या पानावर. चौकटीत खूण केली की संगणक मागची आणखी एक ओळ तिच्या सोबतीला धाडतो. नवरा नव्हे हं, सोबत.

तिथून 'विधवा' हा शब्द डोक्यात बसला. शाळेत त्याची फोड शिकलो होतो. 'वि' म्हणजे विना, 'धव' म्हणजे नवरा. परीक्षेत आली होती, एक गुण मिळाला होता. आणि फोड दिसतेही किती चोख! धव आहे ती सधवा, नाही ती विधवा. 'मा' म्हणजे लक्ष्मी, तिचा धव तो माधव. संशय यायला कुठे फटच नाही.

फट दिसते ती शेजारपाजारच्या घरांत डोकावल्यावर. लॅटिनमध्ये 'विदुआ', रशियनमध्ये 'व्दवा', इंग्रजीत 'विडो', फारसीकडून आलेलं 'बेवा'. एकाच पणजीची ही नातवंडं, चेहरेपट्टी लपत नाही. पण या भावंडांपैकी कुणाच्याच घरी 'धव' नावाचा नवरा नाही. भाषेचे अभ्यासक सांगतात, हा शब्द मुळात अखंडच होता, आणि त्याच्या मुळाशी अर्थ होता वेगळं होण्याचा, रितं होण्याचा. पुढे कुणाला तरी सुरुवातीचा 'वि' ओळखीचा वाटला. विफल, विरस यांतला. मग तो तोडल्यावर उरलेल्या तुकड्याला काहीतरी अर्थ द्यायला हवा ना? तो झाला नवरा. म्हणजे विधवेमुळे धव जन्माला आला, आणि त्या धवाच्या जिवावर सधवा. चुकीच्या फोडीवर उभा राहिलेला असा सुखी संसार दुसरा नसेल.

यास्काचं निरुक्त उघडलं तर आणखी गंमत. शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा आपल्याकडचा हा फार जुना ग्रंथ, पण 'विधवा'पाशी एका उत्तरावर थांबत नाही. आधी म्हणतो, जिला धाता, म्हणजे सांभाळणारा, नाही ती. किंवा थरथर कापते म्हणून. किंवा, चर्मशिरा नावाच्या आचार्याच्या मते, सैरावैरा धावते म्हणून. आणि सगळ्यांत शेवटी: धव हे माणसाचं नाव, त्याच्या वियोगाने विधवा. आम्हाला शाळेत एकुलतं एक म्हणून मिळालेलं उत्तर यास्काच्या यादीत चौथं! मला स्वतःला ते कापणं आणि धावणं जास्त आवडतं. व्युत्पत्ती म्हणून पटत नाही, पण त्यात निदान त्या बाईकडे कुणीतरी पाहिलंय.

लॅटिनमध्ये तर या शब्दाला माणूसही लागत नाही. वेलीला आधाराचं झाड नसेल तर ती वेल 'विदुआ'. लग्नच न झालेली बाईही कधीकधी 'विदुआ'. कुणी जायलाच हवं असं नाही, जागा रिकामी असली की पुरे.

पुरुषांचं या बाबतीत जरा विचित्रच आहे. एरवी मूळ शब्द त्याचा आणि प्रत्यय लावून बनलेला तिचा. इंग्रजीत इथे उलटं झालंय: 'विडो'ला शेपूट लावून 'विडोअर'. आपल्या 'विधुर'चा संस्कृतातला अर्थ व्याकुळ, किंवा कशाला तरी मुकलेला, असा मोकळा होता. विरहविधुर कुणीही असू शकायचं, बाईसुद्धा. बायको गेलेल्या गृहस्थांनी तो कायमचा ताब्यात घेतला, ते नंतर.

इंग्रजीवाल्यांनी तर हा शब्द एका विषारी काळ्या कोळिणीलाही दिला. ती मीलनानंतर नराला खाते अशी ख्याती आहे. दर वेळी खात नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे सगळं वाचून झाल्यावर शाळेतला तो एक गुण आठवला. उत्तर चुकीचं होतं हे आता मला मान्य आहे. गुण परत देणार नाही.