माल्टोज सोडून वाचलेले जिवाणू

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला लॅम्डा फाज दरवर्षी असतो. ई. कोलाय या जिवाणूच्या के-१२ जातीतला हा विषाणू एस्थर लेडरबर्ग यांनी शोधला आणि १९५१ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून त्याच्यावर इतकं काम झालंय की विद्यार्थी तो जरा कंटाळूनच करतात. यंदाच्या बॅचचं तसं झालं नाही.

एकाच कॉलनीतून, म्हणजे जिवाणूंच्या एकाच ठिपक्यातून, दोन कल्चर वाढवली होती. एकाला ग्लुकोज, दुसऱ्याला ०.२ टक्के माल्टोज. पेशी मारूनच बाहेर पडणारा लॅम्डाचा प्रकार दोन्हींत सारखाच घातला आणि त्या त्या साखरेच्या जेलीसारख्या सॉफ्ट अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतला. सकाळी ग्लुकोजच्या प्लेटवर जिवाणूंचा दाट थर होता, त्यात मोजके, टाचणीच्या टोकाएवढे प्लाक, म्हणजे विषाणूने जिवाणू मारल्यामुळे पडलेले स्वच्छ ठिपके. माल्टोजची प्लेट मात्र उजेडात धरली तर आरपार दिसत होती.

जिवाणू तेच, विषाणू तोच. फरक फक्त खाण्याचा. माल्टोज मिळालं की माल-टी हे प्रथिन जागं होतं आणि ती साखर आत घेण्यासाठी पेशीच्या बाह्य आवरणात लॅम-बी नावाची छिद्रं भराभर बसवली जातात. लॅम्डाची शेपटी नेमकी याच लॅम-बीला चिकटते, आणि तिच्यातून सुमारे ४८,५०० बेसजोड्यांचा डीएनए आत जातो. ग्लुकोज असेल तर ही छिद्रं फारशी बनतच नाहीत. म्हणजे संसर्गाची वाट पेशी पोटासाठी स्वतःच उघडते. वर्गात हे सांगून होतं, पण प्लेट हातात असताना ते कळणं वेगळंच.

त्या स्वच्छ प्लेटवर तुरळक कॉलन्या तग धरून होत्या. एका विद्यार्थिनीने त्या उचलल्या, फाज मागे राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा स्ट्रीक केल्या, म्हणजे नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून वेगळ्या वाढवल्या, आणि माल्टोज घातलेल्या मॅकॉन्की अगारवर लावल्या. माल्टोज पचवणारी कॉलनी इथे लाल होते.

"मॅडम, बहुतेक पांढऱ्याच आल्यात!" ती जवळजवळ ओरडलीच.

माल-टीच बिघडलं की छिद्रं बनत नाहीत आणि माल्टोजही पचत नाही. जीव वाचवायला त्यांनी एक अन्नच सोडलं होतं. एरवी शांत असणारी लॅब त्या प्लेटभोवती गोळा झाली. मलाही पुढचं लेक्चर उशिरा सुरू करावं लागलं, आणि ते मी आनंदाने केलं.

"मग या लाल कशा वाचल्या?" मागून एकाने विचारलं. प्रश्न फार चांगला होता. त्यांच्यात बहुधा लॅम-बीचं जनुकच बदललं असणार. अगारमध्ये माल्टोज भरपूर असल्याने ते ओम्प-एफसारख्या दुसऱ्या छिद्रांतूनही आत शिरतं.

तेव्हा मी त्यांना २०१२ चं मिशिगन स्टेट विद्यापीठातलं काम सांगितलं. लॅम-बी दुर्मिळ झालेल्या जिवाणूंसोबत वाढवलेल्या लॅम्डाने काही फ्लास्कमध्ये शेपटीच्या प्रथिनात चार बदल जमवले आणि तो ओम्प-एफमधून शिरू लागला. कॉलन्या उचलणाऱ्या त्या विद्यार्थिनीने लगेच विचारलं, "आपल्या लाल कॉलन्यांवर हे करून बघता येईल?" तिच्या प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला.