मीठ खाल्लेली गाडी

आमच्याकडे उरणला नवी गाडी दारात आली की आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. इथे टोरंटोजवळ नोव्हेंबर ते एप्रिल नगरपालिकाच गाड्यांवर मीठ उधळते, आणि दृष्ट लागते ती त्याच मिठाची.

बर्फ पडणार अशी बातमी आली की रात्रीच निळे दिवे लुकलुकवत रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक फिरायला लागतात. हे मीठ आपल्या मिठागरासारखं उन्हात पिकवलेलं नव्हे, खाणीतलं. याच प्रांतात गॉडरिच गावी हुरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे ५३० मीटर खोलवर, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. मिठामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण पारा उणे दहाच्या खाली घसरला की साधं मीठ ढेपाळतं. अशा सकाळी पुढच्या ट्रकपासून लांब राहायचं आणि ब्रेक हळूच दाबायचा. कोरडा दिसणारा काळा डांबरी रस्ताच जास्त फसवा, त्यावर ब्लॅक आइसचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाचा, पापुद्रा असू शकतो.

पहिले तीन हिवाळे मी गाडी धुतलीच नाही. थंडीत कोण धुतंय! वर ऊबदार गॅरेज मिळालं म्हणून खूश होते. प्रत्यक्षात खारट चिखल गोठलेला असतो तेव्हा गंज मंद चढतो. उबेत तो वितळला की पत्रा भराभर खायला लागतो. हे मला मेकॅनिकने सांगितलं, गाडी लिफ्टवर चढवून. दाराखालच्या पट्टीला त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो चहात भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. खाली तपकिरी पापड्यांचा सडा. ब्रेकच्या नळीवर बोट फिरवून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या नळीचे पैसे मी एका शब्दाने घासाघीस न करता दिले.

आता दर ऑक्टोबरला गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा मारून घेते. मग दोन दिवस अंगणात तेल ठिबकतं आणि शेजारीण नाक मुरडते. थंडी जरा सैल पडली की खालून पाणी मारून धुणंही आलंच.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांना यात काही नवल वाटलं नाही.

"अगं, म्हणजे होडीच की ती! आपल्याकडे नाही का, पावसाळ्यात वर ओढून तेलपाणी करतात." मग जरा थांबून, "नारळ वाढवलास का?"